कॅलरी ताटात मोजू नयेत, ओट्यावर मोजाव्यात

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून कल्याणला राहते आणि एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. उंची ५ फूट २ इंच, वजन ७१ किलो. डॉक्टरांनी सहा-सात किलो वजन कमी करायला सांगितले आहे. बाकी तपासण्या ठीक आहेत. मोबाइलवर कॅलरी मोजण्याचे ॲप घेतले, पण त्यात 'चपाती' शोधली की ७० पासून १५० पर्यंत पाच-सहा आकडे येतात आणि 'वांग्याची भाजी, एक वाटी' म्हटल्यावर तर काहीच उमगत नाही. सकाळचा स्वयंपाक मी करते, संध्याकाळचा सासूबाई करतात; त्यांच्या हातचे तेल मी मोजणार कशी? घरात पती, सासूबाई, पंधरा वर्षांची मुलगी आणि मी असे चौघे आहोत. महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा लागतो. सोमवारी माझा उपास असतो. दिवसाला मी किती कॅलरी खाव्यात आणि घरच्या जेवणातल्या कॅलरी मोजायच्या तरी कशा? पतींना मधुमेहाची गोळी चालू आहे; तेही माझ्याबरोबर मोजू म्हणतात.

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगाचा आकडा आपण जाता जाता लिहून गेला आहात, तो म्हणजे तेलाचा पाच लिटरचा डबा. पाच लिटर तेलाचे वजन साधारण साडेचार किलो भरते. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, तर पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममध्ये प्रत्येकी ४. म्हणजे त्या डब्यात सुमारे ४१ हजार कॅलरी आहेत. त्यांना तीस दिवसांनी आणि चार माणसांनी भागले, तर माणशी रोज सुमारे ३४० कॅलरी निव्वळ तेलातून जातात. तळणीचे उरलेले तेल आपण टाकून देत असाल, तर आकडा थोडा खाली येईल. मुलगी आणि सासूबाई आपल्याइतके खात नसतील, तर आपल्या वाट्याचा थोडा वरही जाईल. एकही वाटी न मोजता एवढा हिशोब हाती लागला, आणि नवशिक्याने सुरुवात नेमकी अशीच करावी, असे माझे मत आहे. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत तेल, साखर, गूळ, शेंगदाणे, खोबरे आणि तूप यांपुढे जे आकडे असतात, ते कोणत्याही ॲपपेक्षा अधिक खरे असतात, कारण ती वस्तू खरोखरच घरात आली आणि संपली.

ॲपचा घोटाळा कोठे होतो, तेही समजून घ्यावे. 'चपाती' किंवा 'वांग्याची भाजी' ही नावे आहेत, त्यांना ठरलेले माप नाही. आपल्याकडे फुलका, घडीची पोळी, तेल लावून भाजलेली चपाती आणि डब्यात नेण्यासाठी केलेली जाड पोळी या चारही वस्तूंना ॲप एकच नाव देते, आणि त्यांतील कोणती कोणी नोंदवली आहे यावर आकडा ठरतो. शिजलेल्या पदार्थाच्या नावाने शोधणे म्हणून सुरुवातीला पूर्णपणे बंद करावे. ॲप वापरायचेच असेल, तर त्यात फक्त कच्च्या जिन्नसांचे आकडे पाहावेत : गव्हाचे पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, दाणे. हे आकडे सगळीकडे जवळपास सारखेच मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थांची अशी माहिती आहे. तेथे ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली असल्याने आकडा ४.१८४ ने भागून घ्यावा लागतो. पाकिटावर जी किलोकॅलरी छापलेली असते, तीच आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती.

आता पोळीपासून सुरुवात करू. कणीक भिजवण्यापूर्वी कोरडे पीठ काट्यावर मोजावे. चारशे-पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा, पाच किलोपर्यंत वजन घेणारा आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरेसा आहे. समजा, ४०० ग्रॅम पीठ घेतले. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात ३२० ते ३५० कॅलरी असतात. मी ३४० धरते. म्हणजे एकूण १,३६० कॅलरी झाल्या. त्यात मोहनाचे आणि घडीत लावायचे मिळून चार चहाचे चमचे तेल गेले, तर त्याच्या १६० वाढल्या. या कणकेच्या सोळा पोळ्या झाल्या, तर प्रत्येकीत ९५ कॅलरी आल्या, आणि वरून अर्धा चमचा तूप लावले, तर ११५. त्याच पिठाच्या दहाच पोळ्या झाल्या, तर तोच आकडा तूप धरून १७० च्या वर जातो. ॲपमधील ७० आणि १५० हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबरच असतील. ते आपल्या घरचे नाहीत, एवढेच. दोन-तीन दिवस असे मोजून पाहिले की आपला हात किती ग्रॅमचा गोळा घेतो, हे कळते, आणि हात बहुधा बदलत नाही, त्यामुळे पोळी रोज मोजावी लागत नाही. भाकरीला तेल नसते, परंतु एका भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ सहज लागते, म्हणून एक ज्वारीची भाकरी १७० ते २०० कॅलरींची होते. 'भाकरी हलकी असते' म्हणून दोन भाकऱ्या घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. भाकरीचे इतर गुण मला मान्य आहेत, पण हिशोबात तिला सूट मिळत नाही.

भाजीची गोष्ट अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे, आणि आपण वांग्याचे नाव काढलेच आहे, म्हणून भरली वांगी घेते. चौघांसाठी अर्धा किलो वांगी घेतली, तर त्यांत सुमारे १२५ कॅलरी असतात. त्यांत भरायला ६० ग्रॅम दाण्याचे कूट घेतले, त्याच्या ३४० झाल्या. २० ग्रॅम किसलेल्या सुक्या खोबऱ्याच्या १३०, १० ग्रॅम तिळाच्या ५५, २० ग्रॅम गुळाच्या ७५ आणि एका मोठ्या कांद्याच्या ५० झाल्या. फोडणीला तीन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम तेल घेतले, त्याच्या ३६०. गोडा मसाला, चिंचेचा कोळ, मीठ, हळद, कोथिंबीर यांचा हिशोब सोडून द्यावा. बेरीज सुमारे १,१३० झाली आणि तीत ज्या भाजीवरून पदार्थाचे नाव पडले, ती वांगी अवघ्या नवव्या हिश्श्याची आहेत. 'मी तर नुसती भाजीच खाते, तरी वजन हलत नाही' असे अनेक पत्रलेखिका लिहितात. त्या खोटे लिहीत नाहीत, पण भाजी कशात शिजली, हे त्या लिहायचे विसरतात.

आता ही १,१३० कॅलरींची भाजी आपल्या ताटात किती आली, ते कसे कळायचे? त्यासाठी रिकाम्या कढईचे वजन आधीच माहीत हवे. समजा, कढई ८२० ग्रॅमची आहे आणि भाजी झाल्यावर कढईसकट वजन १,७२० ग्रॅम भरले, तर भाजी ९०० ग्रॅम झाली आणि तिच्या एका ग्रॅमला साधारण सव्वा कॅलरी पडली. आपण १६० ग्रॅम वाढून घेतली, तर दोनशे कॅलरी झाल्या. भाजी आटली किंवा रस्सा अधिक ठेवला, तर काय, अशी शंका येथे हमखास येते. पाण्यात कॅलरी नसतात, त्यामुळे पाणी वाढले वा आटले तरी कढईतील एकूण बेरीज तीच राहते. फक्त एका ग्रॅममागचा आकडा बदलतो, आणि तो कढईचे वजन केल्यावर आपोआप दुरुस्त होतो. गरम कढई थेट काट्यावर ठेवल्यास काटा बिघडतो, म्हणून खाली लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मग कढई ठेवावी. नेहमीची कढई, कुकरचे भांडे आणि आमटीचे पातेले यांची रिकामी वजने एकदाच करून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस कागदावर चिकटवून ठेवली, की रोजची अर्धी कटकट संपते.

कच्चे आणि शिजलेले यांची सरमिसळ ही नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक आहे. १०० ग्रॅम तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात. शिजल्यावर त्याचाच पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅमच्या घरात भात होतो, म्हणजे १०० ग्रॅम भातात १२० ते १३० कॅलरी उरतात. ताटातला दीडशे ग्रॅम भात मोजला आणि ॲपमध्ये कच्च्या तांदळाच्या नावावर टाकला, तर दोनशेच्या जागी सव्वापाचशे कॅलरी दिसतात, आणि बिचाऱ्या भाताला विनाकारण ताटाबाहेर काढले जाते. वरणाचेही तसेच आहे. दीडशे ग्रॅम तूरडाळीत सुमारे ५०० कॅलरी असतात. ते वरण चौघांनी सारखे वाटून घेतले, तर माणशी १२५ पडल्या, मग ते घट्ट असो वा पातळ. उलट त्यावर 'थोडेसे' म्हणून सोडलेली तुपाची धार एका मोठ्या चमच्याची असेल, तर ती एकटीच १२० ची असते. वजन कमी करायचे म्हणून वरण बंद करून तूप चालू ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. आपण तसे करू नये. डाळ, दही, उसळी आणि खात असाल तर अंडी व मासे यांत हात आखडता घेऊ नये, कारण खाणे कमी होत असताना प्रथिनेही कमी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

चहाविषयी आपण काहीच लिहिले नाही, पण शाळेच्या कार्यालयात चहा चुकत नाही, असे मी धरून चालते. एका कपात दोन चहाचे चमचे साखर, म्हणजे १० ग्रॅम घातली, तर ४० कॅलरी होतात. सायीचे म्हणजे ६ टक्के स्निग्धांशाचे दूध ६० मिलिलिटर असेल, तर त्याच्या पन्नासएक. असे तीन कप झाले की २७०-२८० कॅलरी झाल्या. हेच दूध ३ टक्के स्निग्धांशाचे घेतले आणि साखर एक चमचा केली, तर तीन कपांचे १६५-१७० होतात. टक्केवारी दुधाच्या पिशवीवर छापलेली असते.

सोमवारच्या उपासाबद्दल आपण लिहिलेत, हे बरे झाले. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या आज्यांनी उगीच केलेली नाही. १०० ग्रॅम कोरडा साबुदाणा ३५० कॅलरींचा, त्यात ४० ग्रॅम दाण्याचे कूट २३० चे, एक मोठा चमचा तूप १२० चे आणि अर्धा बटाटा चाळीसएक कॅलरींचा. एका माणसाच्या भरल्या ताटलीची खिचडी अशी ७४० कॅलरींची होते आणि तिच्यात प्रथिने जी काय असतात, ती केवळ कुटाची. उपास सोडा, असे मी सांगणार नाही; तो आपला प्रश्न आहे. परंतु साबुदाणा पन्नास ग्रॅमवर आणून, कूट आणि तूपही अर्धे करून, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर घेतली, किंवा पन्नास ग्रॅम वरईचा भात आणि दाण्याची पातळ आमटी केली, तर तेच जेवण चारशे-साडेचारशे कॅलरींत बसते. उपासाच्या तळलेल्या चिवड्याचा डबा मात्र त्या दिवशी घरात नसलेला उत्तम.

आता दिवसाच्या आकड्याकडे येऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली बैठे काम करणाऱ्या स्त्रीची दैनंदिन गरज १,६६० कॅलरी सांगितली आहे, मात्र ती ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी. आपल्यासाठी १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जोर यांचे सूत्र वापरून पाहू. किलोतील वजन गुणिले १०, त्यात सेंटिमीटरमधील उंची गुणिले ६.२५ मिळवावी, त्यातून वय गुणिले ५ वजा करावे आणि स्त्री असल्यास आणखी १६१ वजा करावेत. आपले ७१० अधिक ९८१, वजा २०५, वजा १६१, म्हणजे १,३२५ कॅलरी झाल्या. इतकी ऊर्जा शरीर पडून राहिले तरी खर्च करते. बैठी नोकरी, लोकलचा प्रवास आणि घरकाम धरून याला १.४ ने गुणले, तर साधारण १,८५० येतात. त्यातून साडेतीनशे कमी करून १,५०० च्या आसपास राहावे, असे मी सुचवते. सुरुवातीला महिन्याला एक-सव्वा किलो उतरेल, पुढे वेग मंदावेल, आणि सहा-सात किलोंसाठी सात-आठ महिने धरून चालावे. समाजमाध्यमांवर फिरणारे ८०० आणि १,००० कॅलरींचे तक्ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नयेत. १,२०० च्या खाली तर स्वतःच्या मनाने कधीच जाऊ नये.

हे साडेतीनशे आणि लेखाच्या सुरुवातीचे तेलाचे ३४० जवळपास सारखे दिसतात, म्हणून कोणी तेल पूर्ण बंद करण्याचा अर्थ काढील. तसे करू नये. शरीराला स्निग्धांश लागतो आणि बिनतेलाची भाजी घरात दोन दिवसांच्या वर कोणी खात नाही. पाच लिटरच्या जागी महिन्याला तीन लिटर तेल आणले, तर माणशी रोज १३० च्या वर कॅलरी कमी होतात. बाकीच्या कॅलरी चहातल्या साखरेतून, कुटातून आणि एखाद्या पोळीतून सुटतात. वरच्या भरल्या वांग्यांत तेल निम्मे आणि कूट ४० ग्रॅम केले, तर कढईतून एकदम २९० कॅलरी उतरतात आणि चव फारशी बिघडत नाही. वांगी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजू द्यावीत.

सासूबाईंचा प्रश्न काट्याने सुटणारा नाही. त्या फोडणी करत असताना शेजारी चमचा घेऊन उभे राहिलात, तर दोन दिवसांत घरात अबोला होईल आणि त्यात चूक त्यांची नसेल. आयुष्यभर अंदाजाने स्वयंपाक करून माणसे तृप्त केलेल्या बाईला तिच्याच ओट्यावर कोणी मोजमाप शिकवू नये. मी असे सुचवते की, दिवसाचे तेल सकाळीच मोजून एका लहान किटलीत काढून ठेवावे आणि मोठा डबा वर, फळीवर ठेवावा. तीन लिटरच्या हिशोबाने रोजचे १०० मिलिलिटर तेल चौघांना पुरते. सकाळी आपण त्यातले किती वापरले, हे आपल्याला माहीत असतेच. रात्री किटलीत जे उरेल, त्यावरून संध्याकाळचे कळते. सासूबाईंना मोजावे लागत नाही आणि त्यांच्या हाताला कोणी आडकाठीही करत नाही. कुटाचेही असेच करता येईल : एरवी अख्ख्या बरणीतून मुठीने जाणारे कूट आठवड्यापुरते लहान डब्यात काढावे. काय चालले आहे, ते त्यांना आधी मोकळेपणाने सांगावे, कारण लपवून केलेली गोष्ट स्वयंपाकघरात दुपारपर्यंतही टिकत नाही. त्यांच्या हातच्या भाजीचे वजन मात्र करू नये. एकूण तेल आणि कूट माहीत असेल, तर पळीचा अंदाज पुरतो.

एवढे सगळे रोज आणि कायमचे करायचे नाही. तीन-चार आठवडे नीट मोजावे. मराठी घरात फिरून फिरून पंधरा-वीसच पदार्थ होतात, आणि त्यांची प्रत्येकी एकदा मांडणी केली, की वही तयार होते. घरातली वाटीही एकदा पाण्याने मोजून ठेवावी, कारण कोणाची वाटी १२० मिलिलिटरची असते, तर कोणाची २०० ची. काकडी, टोमॅटो, पालेभाजी यांचा काटेकोर हिशोब ठेवण्यात वेळ घालवू नये. लग्नकार्यात किंवा पाहुण्यांकडे जेवलात, तर त्या दिवसाचे पान कोरे सोडावे. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नये. वजन आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी, उठल्यावर करावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी. मासिक पाळीच्या आसपास आणि खारट खाल्ल्यावर अंगात पाणी साठून किलोभर वजन सहज वाढलेले दिसते, ती चरबी नसते. महिनाभर सरासरी जागची हलली नाही, तर आपल्या नोंदीत काहीतरी सुटते आहे, असे समजावे. बहुधा ते भाजी ढवळताना चाखलेले, मुलीच्या ताटात उरलेले किंवा डब्यातून जाता-येता उचललेले असते.

मुलीला या हिशोबात घेऊ नये. पंधराव्या वर्षी शरीर वाढत असते, आणि घरात सतत कॅलरींची चर्चा ऐकून त्या वयातील मुली जेवण टाळू लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. काटा आणि वही तिच्यासमोर मिरवू नये, तिच्या पोळीवरचे तूप कमी करू नये आणि तिच्या वजनावर जेवताना बोलू नये.

पतींनी आपल्याबरोबर मोजायला हरकत नाही, परंतु खाणे कमी करण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना भेटून गोळीचे नाव आणि कमी करायच्या खाण्याचे प्रमाण दोन्ही सांगावे. मधुमेहाच्या काही गोळ्या, आणि इन्शुलिन तर नक्कीच, नेहमीच्या मात्रेत चालू ठेवून जेवण घटवले, तर रक्तातील साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, एकाएकी खूप भूक लागणे किंवा गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. तसे झाल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे, आणि त्या दिवसाच्या हिशोबात ही साखर धरू नये.